कोऱ्या मातीची बाग

“काका, इथलं गवत कुठी गेलं?” सुपरवायझर वीरेंद्रने विचारलं.

“निंदलं जी,” केवळराम अभिमानाने म्हणाला. “एक काडी ठेवली नाही.”

वीरेंद्र मटकन खाली बसला.

लाखनीजवळ ‘अरण्यसखा’ नावाची बंगल्यांची वसाहत उभी राहत होती. तिथे नागपूरचे लोक निसर्गाजवळ राहायला येणार होते आणि त्यांची अडचण होऊ नये म्हणून निसर्गाला जरा सरकून घ्यायला सांगितलं होतं. प्रवेशद्वाराशी देशी गवतांची बाग होती. एका तज्ज्ञ बाईंनी निवडून निवडून लावलेलं ते गवत म्हणजे केवळरामने जन्मभर ज्याच्याशी वैर धरलं, तेच. त्यात जागा त्याच्याच जुन्या धानाच्या बांधीची, म्हणजे भातखाचराची. बांधी विकताना त्याने एकच अट घातली होती, की माळी म्हणून मला इथंच ठेवा. काल वीरेंद्रने बाग चकाचक करायला सांगितलं, तेव्हा तो आणि त्याची बायको चंद्रभागाबाई दुपारभर ओणवे होऊन निंदत होते.

“कामावरून काढतील का मले?” आता त्याचा आवाज उतरला. “मंग या बांधीत पाय कोन ठेवू देईन?”

वीरेंद्रने धीर दिला, की मलाही काढतील, सोबतच जाऊ.

तेवढ्यात मालक भय्याजी पाहुणे घेऊन आलेच. समोर नुसता चिखल. पण नुसती जमीन दाखवून स्वप्नं विकण्यात भय्याजींचं आयुष्य गेलेलं. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, की इथं आम्ही मातीला विश्रांती देतो. एका बाईंनी चपला काढल्या आणि डोळे मिटून चिखलात उभ्या राहिल्या. मग त्यांचे यजमान उतरले. तिसऱ्याने विचारलं, ही माती आमच्या बाल्कनीतून दिसेल ना?

पाहुणे गेल्यावर भय्याजींनी केवळरामला बोलावलं. त्याने डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला.

“तुम्ही इथंच राहा, काका. फक्त इथं काही उगवू द्यायचं नाही.”

“काहीच नाही जी?”

“काहीच नाही.”

घरी चंद्रभागाबाई हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. “बरं झालं बाप्पा. आता पाणी नाही आलं तरी चिंता नाही तुमाले.”

आठवड्याने बांधीच्या कोपऱ्यात धानाचं एक रोप वर आलं. मागच्या हंगामातला सांडलेला दाणा असावा. केवळराम उकिडवा बसला. उपटायला गेलेला हात थांबला. मग त्याने बोटांनी भोवतालची माती उकरली, रोप मुळांसकट तळव्यावर घेतलं आणि कुंपणापलीकडे शेजारी कैलाशच्या शेतात गेला. तिथे रोवणी चालली होती. रोवणाऱ्या बायांमधली कुंताबाई ओणवी होऊन मागे सरकत धानाची रोपं लावत होती.

“एकच?” तिने मान न उचलता विचारलं.

“एकच.”

तिने ते ओळीत खोचलं आणि पुढचं हातात घेतलं. केवळराम शेताच्या कडेला धुऱ्यावर थोडा वेळ उभा राहिला. त्यातलं त्याचं कोणतं, ते आता त्यालाही ओळखू येत नव्हतं.