मास्तरांच्या रेडिओतली खरखर

शिवणाचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. त्यामुळे मास्तरांचा सगळा दिवस मशीनवर जायचा आणि सोबतीला असायचा लग्नाच्याही आधी घेतलेला ट्रान्झिस्टर. त्यात खरखर सुरू झाली तेव्हा मास्तरांनी आधी सेल बदलले. मग सेलच्या खणातल्या गंजक्या स्प्रिंगा पॉलिश पेपरने घासल्या. मागचं झाकण काढून कुठे तार सुटलीय का बघितलं, आवाजाच्या बटणातली धूळ फुंकली, रेडिओ चारी दिशांना फिरवून ठेवला. खरखर काही हलायला तयार नाही.

नवल म्हणजे बायको चहा घेऊन आली की रेडिओ शहाण्यासारखा वागायचा. चांगला तर वाजतोय, म्हणत ती कप ठेवून जायची. चहा संपवून मास्तर मशीनला बसले की खरखर हजर.

हळूहळू त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्या वडिलांचे कान गेले ते साधारण याच वयात, आणि त्यांच्याही कानात आधी असंच काहीबाही वाजायचं. मास्तर घरात चकार शब्द बोलले नाहीत. पण एखादं गिऱ्हाईक जरा हळू बोललं तरी ते तेच पुन्हा पुन्हा विचारून घ्यायचे. जेवणावरची वासना उडाली.

शेवटी बायकोनेच खोदून खोदून विचारलं. मास्तरांनी नजर चुकवत सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही की रागावली नाही. त्यांना उठवून स्वतः मशीनपुढे बसली आणि तुम्ही काय काय करता ते ओळीने सांगा, म्हणाली. रेडिओ लावला. गाणं स्वच्छ. मशीन चालवून पाहिलं. तरी स्वच्छ. मास्तरांचा चेहरा आणखीच उतरला. मग सुईत दोरा ओवायला म्हणून तिने मशीनवरचा दिवा लावला. लेकीने हौसेने आणलेला हा नवा एलईडी दिवा मास्तर कामापुरताच लावत. चहा आला की फुकट वीज कशाला, म्हणून आधी तो बंद करत.

दिवा लागला आणि रेडिओ तापल्या तेलात पाणी पडावं तसा तडतडू लागला.

"अहो," ती म्हणाली, "मलापण ऐकू येतंय की."

मास्तरांनी तिला दिवा बंद करायला लावला. गाणं. पुन्हा लावायला सांगितला. खरखर. असं त्यांनी कितीदा तरी करवून घेतलं. इतक्या कौतुकाने खरखर कुणी ऐकली नसेल. मग ते मटकन स्टुलावर बसले.

"मला वाटलं, कान गेले माझे."

"कान शाबूत आहेत," ती म्हणाली. "सांगितलेलं तेवढं आत शिरत नाही."

नवा दिवा स्वयंपाकघरात गेला, मशीनवर जुना पिवळा बल्ब आला. दुपारी मास्तर दोनदा वाढून घेऊन जेवले. नंतर गाण्याच्या नादात एका सदऱ्याची कॉलर चक्क उलटी लावली, आणि ती उसवताना शीळ घालत बसले.