तंग

विकणे आहे : डोंगरवाटांवर चौदा वर्षं मुरलेली घोडी. 'शांत' हा शब्द दादाने खोडून पुन्हा लिहिलेला.

बाबांचे बूट, वर्षभर दाराशी. कुणी हलवायचे?

दादाच्या धाकट्या बहिणीने कप आपटला. कान तुटला, चहा सांडला नाही.

फाटकाशी मोटार.

खोगीर दादाने घाईत चढवलं. सहली नेणारा जाडसर माणूस वर बसला. ती कुंपणाशी हाताची घडी घालून उभी.

"फुगलीय," दादा त्याला म्हणाला. "घोडीपेक्षा हिलाच लगाम हवा."

"आणि तुला झापडं."

उतार सुरू होतो तिथे घोडी थांबली. टाच मारली तरी ढिम्म.

"अडेल आहे हो ही!" सहलवाल्याने छडी उगारली.

"हात तर लावून बघा!" ती धावत सुटली. "उतरा. उतरा म्हणते ना!"

तो चटकन उतरला. तिने पोटाखालचा तंग धरला. पट्ट्यात तिचा अख्खा पंजा गेला.

"ढिला आहे हा! खोगीर सरकायला लागलं की ही पाऊल टाकत नाही. हे गेलं वर्षभर राबून शिकवलंय मी. अडेल म्हणे!"

दातओठ खात तिने पट्टा दोन भोकं वर ओढला. घोडी आपणहून चालू लागली.

सहलवाला हरखला. "अशी तर शोधून सापडायची नाही. आजच नेतो."

दादा तिच्याजवळ आला. आवाज अगदी खाली.

"मग बाबांना का पाडलं हिने? त्या दिवशी तंग घट्ट होता, तूच सांगितलंस."

ती घोडीची आयाळ विंचरत राहिली, बोटांनी.

"म्हणून तर विकतोय मी हिला. तसं नसेल तर आत्ता बोल. गाडी परत पाठवतो."

"माझी उलटतपासणी करतोस?" ती कडाडली. "विकायचीच आहे ना तुला? मग वीक! कधीचा टपला आहेस!"

तिने लगाम सहलवाल्याच्या हातात कोंबला आणि मागे न बघता घराकडे चालू लागली.

बाबा पडले त्या सकाळी खोगीर तिने चढवलं होतं, आणि तंग आवळायचा राहिला होता.