तलावाकडच्या गोलपोस्टची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे आणि स्वभावाने फार हेवेखोर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं सगळं त्या हेव्यापायीच बिघडलं.

माझा जन्म गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावात झाला. केशोराव आणि त्यांची बायको पार्वताबाई मासे धरून विकत. दोघांनी एका उन्हाळ्यात नायलॉनच्या दोऱ्याच्या गाठी मारून मला विणलं. १९९९ च्या जानेवारीत धानाची मळणी आटोपली आणि गावात फुटबॉलचे सामने ठरले. बांबूचे गोलपोस्ट उभे राहिले, पण जाळी कुठून आणायची? पोरं केशोरावांच्या दारात आली. तेव्हापासून दर हिवाळ्यात सकाळी मी तलावात आणि दुपारी मैदानात असा माझा नेम सुरू झाला. मी एकटीच असल्यामुळे तलावाकडच्या गोलपोस्टला जाळी आणि रस्त्याकडचा उघडा, अशीच मॅच होई. माझ्या वासाने कावळे आडव्या बांबूवर येऊन बसत आणि गोलकीपर नाक मुरडे. मला त्याचं काही वाटत नसे.

सामना संपला की पार्वताबाई मला उतरवून अंगणात पसरायची आणि माझ्या विणीतल्या एकेका घरावरून बोटं फिरवायची. सुटलेली गाठ तिच्या बोटांना लगेच कळे. ती तिथल्या तिथे बांधून टाकी.

आणि मग संघदीप. शेतमजुराचा पोरगा, सतरा वर्षांचा, अनवाणी खेळायचा. डाव्या पायाने असा बॉल मारायचा की गोलकीपर वळेपर्यंत तो माझ्या पोटात असे. बाकीचे गोल झाला की नाचत पळून जात. हा आधी माझ्याकडे येई, बॉल सोडवून घेई आणि म्हणे, "लागलं का व तुले?" सगळं गाव त्याचं वेडं होतं, पण ही विचारपूस फक्त माझी होती. ती दुसऱ्या कुणाला मिळावी हे मला सहनच झालं नसतं.

२००४ साली नेमकं तेच झालं. राइस मिलवाल्या छोटेलालसेठने गोंदियाहून एक नवी पांढरीशुभ्र जाळी आणली आणि रस्त्याकडच्या गोलपोस्टला लावली. तिकडेच मंडप, तिकडेच माइक, तिकडेच बायकामाणसं. फोटो काढायचे तेही तिच्यासमोर. सेठ म्हणाला, "अगली बार दूसरी भी लाता हूँ." ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला. संघदीपने पहिल्याच दिवशी त्या पांढरीत दोन गोल मारले. बॉल काढताना तो तिलाही काहीतरी बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, आणि मी दिवसभर जळत राहिले.

आदल्या दिवशीचा सामना अंधार पडेपर्यंत चालल्यामुळे मी रात्रभर गोलपोस्टलाच होते. फायनलच्या सकाळी पार्वताबाई मला उतरवायला आली. त्या सामन्यात माझ्या डाव्या कोपऱ्यातल्या गाठी सुटून बॉल जाईल एवढं भोक पडलं होतं. मला ते ठाऊक होतं, तिला अजून दिसलं नव्हतं. पण माझ्या मनात भलतंच आलं. एकदा मी उतरले की माझ्या जागी दुसरी पांढरी येईल आणि संघदीपचा फायनलचा गोल तिला मिळेल. मी खिळ्यात जीव खाऊन अडकून बसले. पार्वताबाईने दोनदा ओढलं.

"काऊन अडून राहिली व आज?" ती वैतागली. गोरेगावच्या बाजाराला मासे न्यायचे होते आणि बस यायची वेळ झाली होती. "राहू दे. संध्याकाळी पाहीन," म्हणून ती गेली. मी जिंकले असं मला वाटलं.

त्या दिवशी नागपूरच्या एका क्लबचे सर मंडपात बसले होते. ते एकाच खेळाडूला बरोबर नेणार होते. पहिल्या हाफमध्ये संघदीपने पांढरीत गोल केला. मग समोरच्या संघाने बरोबरी साधली. दुसऱ्या हाफमध्ये तो माझ्या दिशेने खेळू लागला. शेवटची पाच मिनिटं उरली असताना त्याने डाव्या पायाने बॉल मारला. गोलकीपर उजवीकडे पडला. बॉल डाव्या कोपऱ्यात, थेट त्या भोकात आला आणि मागच्या तलावात जाऊन पडला.

मी हललेसुद्धा नाही.

"बॉल बाहर!" रेफ्री लांबून ओरडला.

"सर, अंदरून गेला! म्या पाह्यलं ना!" संघदीप धावत आला. रेफ्रीने येऊन मला एकदा हाताने झटकलं. माझ्या सैल घड्या एकमेकींवर पडल्या आणि भोक झाकलं गेलं. मला अंग ताणून ते दाखवता आलं असतं. पण माझी लबाडी उघडी पडेल म्हणून मी तशीच लोंबत राहिले. टायब्रेकरमध्ये संघदीपचा संघ हरला. नागपूरचे सर समोरच्या संघातल्या भुपेंद्रला घेऊन गेले.

संध्याकाळी केशोरावांनी हरल्याच्या रागात मला खिळ्यावरून ओढलं आणि तो कोपरा पार फाटला. "असं ओढतात का? फाडली ना!" म्हणत पार्वताबाईने तो नीट विणून टाकला. खरं काय ते जाणणारं मग माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

पुढच्या वर्षी दुसरी पांढरी जाळी आलीच. आता मी केशोरावांच्या अंगणात वालाच्या वेलाखाली ताणलेली आहे. संघदीप छोटेलालसेठच्या मिलमध्ये पोती उचलतो. २०१४ च्या एका रविवारी तो त्याच्या लेकीला, दीप्तीला घेऊन मासे घ्यायला आला होता. तिने विचारलं, "बाबा, फायनलचा तो गोल होता ना?"

तो पिशवीत मासे भरत म्हणाला, "नाही व बेटा. लय वर्सं मी बी भांडलो लोकायसंग. पण बाहेरच गेला असन. माहाच पाय चुकला."

मित्रांनो, मी दहा वर्षं पांढऱ्या जाळीचा हेवा केला, पण त्या क्षणी मला स्वतःचीच किळस आली. तुमचं काही सुटलं, फाटलं असेल तर वेळेवर दाखवा. ते बांधणारी बोटं दारात आली असतील तर अडून बसू नका. आणि तुमच्यापैकी कुणी त्या गावाला गेलं, तर मिलमध्ये संघदीपला गाठून एवढं सांगा की पाय चुकला नव्हता. तो गोल होता.