पाठाळ म्हणतात मला

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. पाठाळ! ऐकलंय कधी? नाही ना? वाटलंच मला. पाठीवर ओझं वाहतो तो पाठाळ. मग तो बैल असो, तट्टू असो की गाढव. पाठ हीच माझी आई. गाडी ओढणाऱ्याला कोणी माझं नाव दिलं की माझा पारा चढतो!

एके काळी बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर मीठ-धान्याच्या वाटांवर मी गावोगाव हिंडलो. काय तो रुबाब! मग सडका झाल्या, ट्रक आले आणि मला कोणी विचारीना. ढाणकी गावाजवळच्या तांड्यात एकट्या चंदाबाईच्या तोंडी मी कसाबसा तग धरून होतो.

आणि परवा काय झालं, सांगू? तिच्या लेकाचं, धनसिंगचं सोयाबीन पोत्यांत भरून शेतात पडलेलं. नाल्यावरचा पूल खचलेला, ट्रॅक्टर जाईना, आणि आभाळ भरून आलेलं! भिजलं तर सगळं पीक मातीमोल. धनसिंगनं घाईघाईत गाडीच्या बैलावरच पोतं टाकलं. बैलानं अशी उसळी मारली की पोतं थेट चिखलात!

"अरे, त्याले ओढाची सवय हाय," चंदाबाई ओरडली. "मले पाठाळ पाह्यजे, पाठाळ!"

अहाहा! कितीतरी वर्षांनी कोणी मला अशी हाक मारत होतं! नात अर्पिता सायकलवर ढाणकीला पळाली आणि विटा वाहणाऱ्या जफरभाईला त्याच्या तट्टांसह घेऊन आली.

वीज कडाडली. चंदाबाई मात्र आधी प्रत्येक तट्टाच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"याडी, काहून उशीर करून राह्यली? पाणी येते ना!" धनसिंग आईपुढे रडकुंडीला आला.

"याच्या पाठीले जखम हाय. याच्यावर नाही लादायचं."

"चाची, एका खेपेनं काय होते?" जफरभाई म्हणाला.

"पाठ नासली तं पाठाळ कायचा?"

माझा खरा अर्थ हाच की हो! मी हरखून गेलो. बाकीची तट्टं पोती घेऊन नाल्यात उतरली. जखमी तट्टाच्या वाट्याची पोती धनसिंग आणि जफरभाईनं उचलली. अर्पितानंही अर्धं पोतं पाठीवर घेतलं. शेवटचं पोतं घरात पडलं आणि धो धो पाऊस कोसळला!

चिखलानं माखलेली अर्पिता धापा टाकत हसली, "दादी, आज मी बी पाठाळ!"

माणसाला माझं नाव द्यायची रीत नाही, मित्रांनो. पण तिला ते मी आनंदानं देऊन टाकलं. चंदाबाई जवळ आली आणि नातीच्या पाठीवरूनही तसाच हात फिरवू लागली. तुम्हीही ओझं लादण्याआधी तेवढं करत जा.