नऊ कुंड्या सोयाबीन

मंजिरी भांडली नाही. आईला वाटलं, नववीत गेली नि पोरगी शहाणी झाली. कसली शहाणी! डूख धरून बसली होती नुसती.

झालं होतं असं. सोयाबीनच्या तीन वाणांपैकी सूत्रकृमींपुढे कुठलं टिकतं आणि वर शेंगाही भरघोस देतं, हा विज्ञान प्रदर्शनातला प्रयोग मंजिरीचा. सूत्रकृमी मातीत असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, मुळांत शिरून गाठी करतात. चंडीमंदिर छावणीच्या माळ्यानं किडीची म्हणून टाकून दिलेली माती तिनं स्वतः घमेल्यानं वाहिली आणि तिथल्याच शाळेच्या गच्चीवर, दर वाणाच्या तीन अशा, नऊ कुंड्या भरल्या. मग शहरात कर्फ्यू लागला. बाबा फौजेत, पण त्यांना छावणीत अजून क्वार्टर नव्हतं, घर चंदीगडात भाड्याचं. बंदूकवाला जवान बसवून पोरांना शाळेत नेणारा फौजी ट्रक आठवडाभर आलाच नाही. शाळेला लागूनच राहणाऱ्या नयनाला मंजिरीनं फोनवर विनवलं, "यार, तेवढं पाणी घाल ना."

नयनानं पाणी घातलं आणि कुंड्यांवर स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्याही डकवल्या. कर्नलसाहेबांची लेक ती!

"दोघींची नावं लावू," विज्ञानाच्या बाजवा मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवसांत शेंगा भरतील, वजन करू, मग मुळं बघू. ठीक?"

"ठीक नाही, मॅडमजी. माझा प्रयोग आहे."

"मी जगवला," नयना म्हणाली. "तू तर घरात लपून बसली होतीस."

लपून! मंजिरीच्या मस्तकात तिडीक गेली. पण ती हसली. तोंडभर हसली. हिला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायची, पक्कं!

चारच दिवसांनी प्रदर्शनाचे परीक्षक, शेतकी संशोधक श्रीनिवास सर, पाहणीला आले. नयना पोपटासारखी घडाघडा बोलली. तिचं संपल्यावर मंजिरी गोड आवाजात म्हणाली, "मुळं दाखव ना सरांना." आणि वाट न बघता तिनंच मधल्या वाणाचं एक झाड उपटून बादलीत खळबळलं.

मुळांवर गोल गोल दाणे. नयना चपापली, पण सावरली. "हे वाण फेल, सर. बघा किती गाठी!"

"काढ बरं एक नखानं," मंजिरी म्हणाली.

दाणा टचकन सुटला. फोडला तर आत गुलाबी.

"या गाठी जिवाणूंच्या, नयनाबाई. हवेतला नत्र झाडाला देतात. सूत्रकृमीची गाठ अशी सुटत नाही, मूळच फुगतं." तिनं पहिल्या वाणाचं झाड उपटलं. मुळं आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली. "आता काढ!"

नयनाचं नख मोडलं. गच्चीवरची पोरं फिदीफिदी हसली. तिचे कान लालबुंद झाले तरी ती म्हणाली, "एका झाडावरून काय कळतं? तुक्का लागलाय तुझा!"

"तुक्का?"

तिसरी कुंडी. चौथी. "बेटा, बस! शेंगा भरू देत!" सर ओरडले. मॅडमनी हात धरला, तो तिनं हिसडला. एकेक मूळ नयनाच्या नाकापुढे नाचवत तिनं नऊच्या नऊ कुंड्या रिकाम्या केल्या. मधल्या वाणाच्या तिन्ही झाडांवर सूत्रकृमीची एक गाठ नाही. बाकी सगळी गाठाळलेली.

श्रीनिवास सरांनी खाली पडलेली एक शेंग दाबून बघितली. पापडासारखी चपटी.

"प्रयोग तुझाच, यात शंका नाही," ते मंजिरीला म्हणाले. "त्या मधल्या वाणाला शेंगाही सगळ्यांत जास्त लागल्या होत्या. वजन हाती असतं तर मी हा प्रयोग दिल्लीच्या प्रदर्शनाला पाठवला असता. आता काय पाठवू? मुळं?" त्यांनी दोघींची प्रवेशिका रद्द केली.

नयना रडत होती. रडता रडता म्हणाली, "बघ! तुझंही गेलं."

दिल्ली! मंजिरीनं मातीचे हात फ्रॉकला पुसले आणि हनुवटी वर केली.

"गेलं. पण आधी तुझं गेलं."