नापासरावांचा पुढचा गिअर

“यंत्र कधीच बिघडत नाही. बिघडतो तो माणूस!” नापासरावांनी पलंगावरून अखिल मानवजातीला उद्देशून जाहीर केलं, आणि त्याच क्षणी त्या भाड्याने आणलेल्या दवाखान्याच्या पलंगाचा उशाकडचा भाग कुर्र करत आपोआप खाली गेला. पुढचं सगळं त्यांना छताला ऐकवावं लागलं.

“काही म्हणालात?” खिडकीबाहेरून बायकोने विचारलं.

“काही नाही. तुझं चालू दे.”

नापासराव हे अर्थात आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. वाहन परवान्याच्या कचेरीत ते परीक्षक होते आणि हयातभर त्यांनी एकच काम मन लावून केलं. पद्धत साधी. शेजारी घाम पुसत बसलेल्या उमेदवाराला ते लोण्यासारख्या आवाजात म्हणायचे, “घे बाळा, इथून डावीकडे घे.” डावीकडे नेमकी प्रवेशबंद गल्ली असायची. बाळ आज्ञाधारकपणे वळायचं आणि नापासराव खिशातून पेन काढायचे. ते निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

तेव्हापासून नापास करायला घरात एकच माणूस उरलं होतं.

सध्या त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. दिवा बदलायला ते स्टुलावर चढले, तेव्हा बायको म्हणाली होती, “अहो, स्टूल डुगडुगतंय.” “डुगडुगतंय ते तुझं डोकं,” असं ते म्हणाले, त्यातलं ‘डोकं’ एवढं जमिनीवरून म्हणाले.

आणि नेमक्या याच मुहूर्तावर बायकोला नोकरी लागली. टेकडीवरच्या मुलींच्या वसतिगृहात शिवणकाम: चादरी, पडदे, गणवेश. तिथल्या बाईंनी काल बजावलं होतं, “उद्या सकाळी दहाच्या आत हजर झालात तर जागा तुमची. नाही तर दुसरी बसलीच आहे.” टेकडीवर बस जायची ती दुपारी. उरली नापासरावांची तरुणपणातली गिअरची सायकल.

ती काल चालवून बघायला गेली आणि पहिल्याच चढावरून सायकल हातात धरून, लालबुंद होऊन परत आली. नापासराव इतके हसले की प्लास्टर दुखायला लागलं.

कारण सायकलचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. पेडलपाशी दोन दातेरी चक्रं होती, एक मोठं, एक लहान. मोठं सपाटीसाठी, लहान चढासाठी. चेन एकावरून दुसऱ्यावर ढकलायला वर एक लोखंडी पिंजरा, आणि हँडलवरच्या दांड्याने पिंजऱ्याला बाहेर, मोठ्या चक्राकडे ओढणारी केबल; केबल सैल पडली की पिंजरा आपोआप आत, लहान चक्राकडे. पण ‘लहान चक्र म्हणजे सवलत, आणि सवलत म्हणजे चारित्र्याचा ऱ्हास’ असं नापासरावांचं मत असल्यामुळे, पिंजरा आत येऊच नये असा बंदोबस्त त्यांनी फार पूर्वी स्वतःच्या हाताने करून ठेवला होता. चेन जन्मठेपेच्या कैद्यासारखी मोठ्या चक्रावर बसून होती.

आज सकाळी बायकोने कपडे वाळत घालायच्या दांडीला जुन्या चादरीच्या पट्ट्यांनी सायकल टांगली होती, बरोबर त्यांच्या खिडकीखाली. त्यांना ती दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. तेवढं पुरे होतं. दवाखान्याबाहेर बसून रोगी मारण्याची विद्या त्यांना येत होती.

“दांडा सरकवते, पण पिंजरा हलतच नाही,” ती म्हणाली.

“हलेल कसा! सांधा गंजलाय त्याचा!” ते खेकसले. अडाणीपणा कानावर पडला की त्यांना राहवत नसे. “आधी पूस तो, तेल सोड! शिवणयंत्राला घालतेस ना तेल?”

तिने तेल सोडलं. पिंजरा कण्हत का होईना, हलायला लागला. आपण भलतीच मदत करून बसलो हे नापासरावांच्या लक्षात आलं आणि त्यांनी आवाजात लोणी घातलं.

“आता कसं करायचं माहितीये का राणी? हँडलवरचा दांडा लहान चक्राच्या खुणेवर ठेवायचा, पिंजरा पार बाहेर येईपर्यंत केबल खेचायची आणि मग नट आवळायचा. सैल म्हणून ठेवायची नाही हं.”

अशी बांधलेली केबल पिंजऱ्याला कायमची बाहेर ओढून धरते. चेन स्वर्गातून देव आले तरी खाली उतरत नाही.

“बरं,” बायको म्हणाली. पान्याचा आवाज आला. मग पेडल फिरलं, दांडा सरकला, आणि खर्र खर्र ऐकू यायला लागलं. म्हणजे चेन पिंजऱ्याला घासत होती. म्हणजे पिंजरा थोडा तरी आत आला होता! नापासरावांनी भुवया चढवल्या. चुकून झालं असेल. आंधळ्यालाही कधी रस्ता सापडतो.

“छान, छान! आता वर दोन छोटे स्क्रू आहेत. चक्राकडचा आहे ना, आतला, तो आणखी घट्ट पिळून टाक राणी. अगदी अंगात येऊ दे.”

हाच तो जुना बंदोबस्त. पिंजऱ्याला आत किती येऊ द्यायचं हे तो स्क्रू ठरवतो. पिळला की दार बंद.

“बरं,” बायको म्हणाली. स्क्रू बराच वेळ कुरकुरला. पेडल फिरलं, आणि टक्! चेन लहान चक्रावर जाऊन बसली. एवढा स्वच्छ आवाज, की नापासराव उशीवरून मान उचलून खिडकीकडे बघायला लागले.

म्हणजे ही ‘बरं’ म्हणते आणि उलटं करते! किती वर्षं करत असेल? मीठ कमी घाल म्हटलं की… खिडकी लाव म्हटलं की… त्यांच्या डोळ्यांसमोरून अख्खा संसार उलट्या गिअरमध्ये गेला. पण नापासराव हरणारे नव्हते. उलटं करणाऱ्याला खरं सांगितलं की काम झालं.

“आत चेन आणि पिंजरा यांच्यामध्ये फट किती आहे गं?”

“करंगळी जाईल एवढी.”

उत्तम! फट नखाएवढी हवी. तिने स्क्रू सढळ हाताने सोडला होता. आता चढावर जोरात पाय मारताना गिअर टाकला की चेन लहान चक्र ओलांडून सांगाड्यावर पडणार, पेडल रिकामं फिरणार आणि बाई तोंडावर. त्यांना चित्र स्पष्ट दिसलं. दोन पलंग शेजारी शेजारी, दोन प्लास्टरं. स्वयंपाक कोण करणार ही एक अडचण होती, पण ती तपशिलाची.

“अगं बये!” ते ओरडले. “करंगळी कसली जाते! पडशील तोंडावर! आवळ तो स्क्रू परत, अर्धा फेरा, फट नखाएवढी येईपर्यंत! काडीची अक्कल नाही!”

खिडकीखाली स्क्रूचा आवाज. अर्धा फेरा, अगदी मोजून. चेन वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. घासणं नाही, पडणं नाही.

बायको हात पुसत खिडकीत उभी राहिली. कपाळावर वंगणाचा फराटा होता.

“तू… आवळलास?”

“तुम्ही खेकसलात ना. खेकसता तेव्हा खरं बोलता. गोड बोललात की उलटं करायचं. लग्न ठरलं तेव्हा पहिल्यांदा ‘राणी’ म्हणालात, तेवढं फक्त सुलटं धरलं मी. मग शहाणी झाले. संसार काय उगाच झाला?”

नापासरावांनी ‘राणी’ ओठावर येता येता गिळलं. गोड बोलावं तर खोटं ठरणार होतं.

“डबा उशाशी आहे,” ती पिशवी अडकवत म्हणाली. “दुपारी वन्संना बोलावलंय सोबतीला.”

“ताईला?” नापासरावांचा चेहरा पांढरा पडला. थोरली बहीण म्हणजे त्यांना नापास करणारी जगातली एकमेव परीक्षक. “ती संध्याकाळपर्यंत टाकून बोलेल!”

“हो. मीच म्हटलं त्यांना, मनात काही ठेवू नका.”

फाटकाची कडी वाजली. नापासराव कोपरांवर उठले. घर एवढं रिकामं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते जीव खाऊन खेकसले, “जाऊ नकोस! मला एकट्याला… जाऊ नकोस म्हणतो ना!”

सायकल थांबली.

“हे खरं आहे,” ती म्हणाली. “कळलं मला.”

आणि तिने पेडलवर पाय ठेवला. टक्. चेन लहान चक्रावर उतरली.

“अगं, ऐक!”

“आता काय?”

“ती फूटपट्टी तेवढी देऊन जा. प्लास्टरच्या आत खाज सुटलीय.”