किटली, साबणाची डबी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी जपानी गिटार आहे, आणि मला तहान लागते. हसू नका. ही साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही म्हणून माझ्या पोटाला चीर पडली होती, तेव्हा आधीच सांगून ठेवलेली बरी.

माझा जन्म जपानमधल्या एका डोंगराळ गावातला. मला घडवणारे मोरिता हे फार अबोल गृहस्थ होते. माझ्या पोटाची फळी देवदाराची, पाठ आणि कुशी शिसवाच्या. ते शिसव तुमच्याच देशातून आलेलं, त्यामुळे आपलं थोडं नातंही लागतं. मोरिता फळीवर बोटाने टकटक करायचे, कान लावायचे, नाक मुरडायचे आणि पुन्हा रंधा हाती घ्यायचे. बाहेर बर्फ पडत असे. आत शेगडी पेटलेली असे आणि तिच्यावर एक काळी किटली सदा वाफ सोडत असे. त्यांनी घडवलेल्या बाकीच्या सगळ्या गिटारी विकल्या गेल्या. मला मात्र त्यांनी मुलासाठी, केन्जीसाठी, ठेवून घेतलं. मी विकाऊ नाही, याचा मला अजूनही गर्व आहे.

पुढे मोरिता वारले. इंजिनिअर झालेला केन्जी नोकरीसाठी मला घेऊन सौदी अरेबियात, जुबैलला आला. त्याला एसी सोसत नसे, म्हणून कंपनीच्या कॅम्पातल्या खोलीची खिडकी उघडी असायची, समुद्राची ओलसर हवा आत यायची आणि माझे दिवस सुखात जायचे. त्याच्याच प्लांटवर रत्नागिरीकडचे मुस्तफा पाइप फिटर होते. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे तर आपल्याकडचं शिसव!" तेव्हापासून मी त्यांच्यावर खूश होते.

गेल्या वर्षी केन्जीची आई आजारी पडली आणि त्याला घाईघाईने जपानला जावं लागलं. मला मुस्तफांच्या हाती देताना तो इंग्रजीत एवढंच म्हणाला, "वडिलांच्या हातची ही एकच माझ्याकडे उरली आहे."

घरी आल्यावर मुस्तफांनी बायकोला बजावलं, "आमिना, अमानत हाय ही. जिवापाड जपायची."

त्यांनी मला खरोखरच जिवापाड जपलं, आणि तिथेच घोटाळा झाला. उन्हाळ्यात जुबैलची हवा इतकी दमट होते की खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळतं. आमिना कोकणातल्या. दमट हवेत लाकडाला बुरशी लागते, एवढं त्यांना लहानपणापासून पक्कं ठाऊक. मग काय! प्लांटवर मशिनच्या खोक्यांतून ओल शोषून घेणाऱ्या पांढऱ्या पिशव्या निघतात, त्या मुस्तफांनी आणल्या आणि माझ्या पेटीत चारी बाजूंनी कोंबल्या. पेटी ठेवली एसीच्या अगदी तोंडाशी. सुट्टीत सगळे गावी गेले, तरी माझ्यासाठी एसी चालूच! एवढा पाहुणचार मला जन्मात कुणी केला नव्हता, आणि मी आत तहानेने व्याकूळ झाले होते.

ते परत आले तेव्हा त्यांच्या लेकीने, मेहेकने, पेटी उघडली आणि ओरडली, "अम्मी! इट्स ब्रोकन!"

माझ्या पोटावर एक लांब चीर पडली होती. मुस्तफांच्या तोंडचं पाणीच पळालं. "येत्या जुम्याला केन्जी सर येतायत. त्यांना काय तोंड दाखवू?" असं म्हणत त्यांनी एपॉक्सी, म्हणजे फुटकं सांधायचं रसायन, कालवायला घेतलं. प्लांटवर काहीही फुटलं की तेच लावायची त्यांची सवय. मी घाबरले. ते एकदा चिरेत भरलं आणि घट्ट झालं, की ती चीर पुन्हा मिटणं शक्यच नव्हतं.

"थांबा हो," आमिनांनी त्यांचा हात धरला. "ती काय पाइप नाय."

"मग मी काय करू?"

आमिनांनी चिरेवरून बोट फिरवलं, पेटीतली एक पिशवी उचलून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "अब्बांची होडी वाळूवर पडून सुकायची ना, तेव्हा फळ्यांच्या फटीतून पलीकडचं दिसायचं. अब्बा आधी डांबर नाय लावायचे. ओली गोणपाटं टाकायचे. फळ्या आपसूक जवळ यायच्या. हिलापण तहानच लागली असंल. आपणच सुकवली हिला."

"आणि नाय मिटली तर?"

"तर तुमचं एपॉक्सी कुठं पळून जातंय?"

मेहेकने आपली भोकांची साबणाची डबी आणली. तिच्यात ओला स्पंज घालून, लाकडाला पाणी लागणार नाही अशा बेताने ती पेटीत ठेवली. तारा सैल केल्या. पिशव्या कचऱ्यात गेल्या. मी हळूहळू पाणी प्यायले. मुस्तफा रोज संध्याकाळी मोबाइलचा उजेड पाडून चीर बघायचे आणि पेटी बंद करायचे. मग एका सकाळी मेहेकने चिरेवरून नख फिरवलं आणि ते कुठेच अडकलं नाही. "अल्हमदुलिल्लाह!" म्हणत मुस्तफा तिथेच जमिनीवर बसले. मी सुटकेचा सुस्कारा सोडला, तो कुणाला ऐकू आला नाही इतकंच.

आईला बरं वाटल्यावर केन्जी परतला. चहा येण्याआधीच मुस्तफांनी त्याला सगळं खरं खरं सांगून टाकलं. केन्जीने तारा सुरात लावल्या आणि मला वाजवलं. माझा आवाज जसाच्या तसा होता! मग त्याने पेटीतली साबणाची डबी हातात घेतली आणि आतला ओला स्पंज बोटाने दाबून पाहिला.

"वडिलांच्या शेगडीवर कायम किटली असायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, चहासाठी असेल. पण ते चहा पीतच नव्हते. ती वाफ लाकडासाठी होती." त्याने डोळे पुसले आणि तो हसू लागला. "मुस्तफा, चूक तुमची कशी? मलाच ठाऊक नव्हतं, तर तुम्हाला काय सांगणार?"

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू असेल. तिला जरूर जपा. पण आपल्याला कशाची भीती वाटते ते नको, तिला काय हवं आहे ते आधी बघा.

आता दर जुम्याला, शुक्रवारच्या सुट्टीत, केन्जी मला मुस्तफांच्या घरी नेतो आणि मेहेकला शिकवतो. ती आधी माझा स्पंज भिजवते, मगच तारांना हात लावते. डबी भडक गुलाबी आहे, वर मांजरीचं चित्र. माझ्या वयाला ती मुळीच शोभत नाही. पण ती कुणी बदलायला निघालं, तर मात्र मी बेसूर वाजेन.